एकाच रंगाचा सराव

त्याचं खरं नाव त्याच्या आईला, बायकोला आणि शाळेच्या दाखल्याला ठाऊक. बाकी सगळ्या मैदानांवर तो ‘उसन्या’. फुटबॉलच्या धंद्यात एखाद्या क्लबाला माणूस कमी पडला, की दुसऱ्या क्लबाकडून तो हंगामापुरता मागून आणतात, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा. या गड्याची उभी कारकीर्द त्या वाटीत गेली. कुणाचा डावा बचावपटू पाय मोडून बसला, बोलवा उसन्याला. कुणाच्या मधल्या फळीतला ऐन सामन्याच्या दिवशी मेहुण्याच्या लग्नाला गेला, उसन्या आहेच. एकदा तर गोली तापाने फणफणला म्हणून यालाच हातमोजे घालून गोलात उभा केला, आणि पठ्ठ्याने दोनच गोल खाल्ले. तिथला नेहमीचा गोली यापेक्षा जास्त खायचा, पण तेवढं बोलून दाखवायला कुणाची जीभ रेटली नाही.

लोक म्हणायचे, हा जन्मापासूनच उसना. बाप परदेशातून पुलाच्या कामावर आलेला फिटर. पूल झाला, बरोबरचे सगळे परत गेले, हा मागे राहिला, कारण कामगारांचे डबे भरणारी मुलगी त्याला आवडली होती आणि तिलाही तो. पोराने बापाचे कुरळे केस आणि लांब पाय घेतले, आईचा रंग घेतला आणि आईची जीभ. मग काय, इकडचे म्हणाले, हा तिकडचा. पुढे मोठ्या हौसेने तो बापाच्या देशात एक हंगाम खेळायला गेला, आपल्या माणसांत चाललोय म्हणून. तिथे पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत एकाने अगदी प्रेमाने विचारलं, “तुमच्याकडे फुटबॉल खेळतात होय?” झालं! धड ना इकडचा, धड ना तिकडचा. दुसरा असता तर कुढत बसला असता. हा हसून सांगायचा, “बरंच आहे की. दोन्हीकडे पाहुणा. पहिला चहा आपल्याला.”

पण एक गोष्ट अशी होती, की ती निघाली की त्याचं हसू जागच्या जागी आटायचं. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

तेव्हा तो ऐन भरात होता. हंगामाच्या मध्यावर हिरव्या जर्सीचा क्लब सोडून लाल जर्सीवाल्यांकडे आला, आणि आल्या आठवड्यातच सामना कुणाशी, तर त्याच हिरव्यांशी. खेळ संपत आलेला, बरोबरी. चेंडू याच्या पायात, दोघेजण मागून अंगावर आलेले. याने मान वर केली. समोर मोकळ्या जागेत हिरवी जर्सी उभी. पायाने डोक्याला विचारलंच नाही. असा देखणा पास दिला की काय सांगू! जन्मात दिला नव्हता इतका सुंदर पास त्याने शत्रूच्या पायात नेऊन ठेवला. हिरव्यांच्या फॉरवर्डने, ज्याला सगळे ‘तोफ’ म्हणायचे, तो घेतला आणि गोल ठोकला. एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. पण तोफ मैदान ओलांडून याच्यापाशी आला, कमरेत वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आभारी आहे!”

हिरवे प्रेक्षक हसून लोळले. लाल प्रेक्षक उठून ओरडले, “कुणाचा रे तू? कुणाचा?” कुणीतरी त्याच्या बापालाही मध्ये आणलं. आता गंमत बघा, नव्या जर्सीत आलेला कुणीही खेळाडू ही चूक करू शकतो. निम्म्यांनी केलेली असते, सरावात का होईना. पण चांगल्या घरच्या, सरळ नाकाच्या पोराने केली की ती चूक, आणि उसन्याने केली की ते रक्त. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा तो त्या दिवशी दोन्ही बाकांपासून लांब, एकटाच बूट सोडत बसला.

आई सामन्याला आली होती. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळायचं नाही, पण पोरगा खेळतोय म्हणून येऊन बसायची. घरी जाताना हा म्हणाला, “आई, निदान तू तरी विचारू नकोस, लाल सोडून हिरव्याला कसा दिलास म्हणून.”

“मला काय माहीत लाल नि हिरवं?” आई म्हणाली. “मी तुझ्या शर्टाकडे कधी बघितलेलंच नाही. एवढ्या सगळ्यांत तू कुठे आहेस ते मला चालीवरून कळतं. उजवा खांदा पुढे काढून पळतोस, तुझ्या बाबांसारखा. शर्ट काय, कुणीही घालेल.”

तेव्हा तो नुसता “हं” म्हणाला. पण ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं.

वर्षं गेली. गुडघे कुरकुरायला लागले, मग उघड बोलायला लागले. खेळणं सुटलं आणि उसन्या कोच झाला. आधी शाळेच्या पोरांचा, मग एका कारखान्याच्या संघाचा, आणि शेवटी या गावातल्या क्लबाचा, जो तळाला लोळत होता. क्लब म्हणजे काय, पत्र्याच्या छपराखाली बाकांच्या चार ओळी, जर्सी (इथलीही लालच) वाळत घालायची एक दमट खोली, आणि मैदान असं की मधोमध बशीसारखं खोलगट. अध्यक्षांचं फरशांचं दुकान होतं आणि बोलणंही फरशीसारखंच, थंड आणि सपाट. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “हंगामाच्या शेवटी संघ याच गटात राहिला, तर तुम्ही राहाल. खाली घसरला, तर तुमची वाट वेगळी, आमची वेगळी.”

असल्या अटी उसन्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं याचं एका निळ्या पिशवीत. बूट, टॉवेल, दाढीचं सामान, दोन सदरे. ज्या ज्या घरात राहिला तिथे ती पिशवी दाराशी भरलेली असायची. बायको केर काढताना ती उचलायची, पुसायची, परत जागेवर ठेवायची.

या खेपेला मात्र गोष्ट निराळी होती. बायकोचं शिवणकाम. गावोगाव बिचारी मशीन उघडायची, चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत मशीन परत खोक्यात. इथे तिला रस्त्याकडेचा गाळा मिळाला होता, शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं, दारावर पाटी लागली होती. मुलीला जन्मात पहिल्यांदा जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती, दोघी एकमेकींच्या रिबिनी-क्लिपा बदलून वापरायच्या. आणि आई? आईने एका संध्याकाळी पाय चेपत सरळ सांगून टाकलं, “अरे, आता मला आणखी एका घराचा जिना चढायला लावू नकोस. तुझ्या पायांना मैदानं लागतात, माझ्या पायांना एकच उंबरा पुरे.”

बायको काही बोलली नाही. नवऱ्याला विचारा, बायको बोलत नाही तेव्हा किती बोलते ते.

उसन्याला आयुष्यात प्रथमच कुठेतरी राहायचं होतं, आणि तेही मनापासून. झोपेतून उठताना, दाढी करताना, सरावाची शिट्टी तोंडात धरताना, एकच विचार. आणि तरीही गड्याने काय करावं? ज्या गोष्टीने अध्यक्षांच्या अंगाचा तिळपापड होईल नेमकी तीच.

सरावात दोन बाजू पाडायच्या म्हणजे एका बाजूला जर्सीवर रंगीत बंड्या घालायला देतात. जगात सगळीकडे देतात. उसन्याने त्या सगळ्या बंड्या गोळा केल्या आणि कपाटात कोंबल्या. “सगळे पांढऱ्या बनियनवर. अकरा इकडे, अकरा तिकडे. आपला कोण ते ओळखून पास द्या.”

“कशावरून ओळखायचं?” कॅप्टनने विचारलं. हा कॅप्टन दिवसा टायरच्या दुकानात काम करायचा आणि त्याचे तळवे कायम काळे असायचे.

“माणसावरून,” उसन्या म्हणाला. “रंगाकडे काय बघता? जर्सी कुणीही घालतं. माणूस कसा पळतो, कसा वळतो, चेंडू मागताना मान कशी करतो, ते बघा.”

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. हा त्याला देतोय, तो भलत्यालाच देतोय, गोली आपल्याच माणसावर ओरडतोय. एकाने दिवसभरात आपल्या एकाही माणसाला पास दिला नाही आणि वर म्हणाला, “कोच, समोरच्यांशी माझं चांगलं जमतंय.” उसन्या खो खो हसला. मग त्याने ओरडायलाही बंदी केली. आता तर आवाजावरूनही कळेना. पोरं चिडली, कुजबुजली, पण हळूहळू त्यांना एकमेकांची चाल कळायला लागली. कॅप्टन वळायच्या आधी डावा खांदा पाडतो. उजवीकडचा बुटका तापल्या फरशीवर पळावं तसा पळतो. मधला उंच पोरगा चेंडू हवा असला की हात वर करत नाही, नुसती हनुवटी उचलतो. एकमेकांच्या लकबी घरच्या माणसासारख्या पाठ झाल्या. बुटक्याची बायको म्हणाली म्हणे, “मला नाही कळत हे जिन्यावरून कधी आले ते, आणि तुमच्या गोलीला कळतं!”

संघ सुधारला. धो धो जिंकायला लागला असं नाही, पण हरायचा थांबला. तरी तळ जवळच होता, आणि शेवटी सगळं येऊन ठेपलं शेवटच्या सामन्यावर. हरायचं नाही, बस्स. बरोबरी झाली तरी क्लब राहतो, म्हणजे उसन्या राहतो. आणि समोर कोण? दुष्काळात तेरावा महिना, समोर तोच हिरवा क्लब, आणि त्यांचा कोच तोफ. केस गेलेले, पोट सुटलेलं, आवाज तसाच.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला अध्यक्ष सरावाला आले. बराच वेळ बाकाशी उभे राहून त्यांनी पांढऱ्या बनियनांचा तो घोळका पाहिला.

“हे काय चाललंय? यात आपले कोण?”

“सगळेच आपले आहेत, साहेब.”

“थट्टा पुरे. रविवारी संघ जर्सी घालून खेळणार आहे ना? मग सरावाला बंड्या घाला. लोक हसतायत. म्हणतात, याला स्वतःला रंग ओळखता येत नाही म्हणून पोरांनाही शिकवत नाही.”

म्हणजे ती जुनी गोष्ट इथेही पोचली होती तर. उसन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मैदानावर एवढी वर्षं काढलेला माणूस, त्याला अंगावर येणाऱ्याला वाट देणं माहीत होतं.

“बरोबर म्हणतात,” तो शांतपणे म्हणाला. “रंग ओळखून मी एकदा पास दिला होता. तेव्हापासून माणूस ओळखायला शिकलो. बंड्या मी घालायला देणार नाही, साहेब. हरलो तर पिशवी उचलून जाईन, तुम्हाला सांगावंही लागणार नाही.”

अध्यक्ष गेले. घरी येऊन त्याने बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं, पिशवीसकट. ती एका गणवेशाला खिसा लावत होती. तिने दाताने दोरा तोडला, “हं” म्हणाली, आणि दुसरा खिसा घेतला.

नंतर दोन दिवस पाऊस लागला. मैदान सांभाळणारे म्हातारे काका, ज्यांना सगळे माळीकाका म्हणायचे, शनिवारी फावडं घेऊन आले. मैदानाची ती मधली बशी काठोकाठ भरली होती.

“पाणी काढून भुसा टाकतो,” माळीकाका म्हणाले. “नाहीतर उद्या पोरं चिखलात लोळतील. कोण कुणाचा ते त्यांच्या आईलाही कळायचं नाही.”

उसन्याने मैदानाकडे बघितलं. मग माळीकाकांकडे बघितलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की माळीकाकांनी आपणहून फावडं खाली ठेवलं.

“काका, दोन्ही गोलांसमोरचं काढा, गोली पडायला नकोत. मधलं राहू द्या.”

“आणि आई?”

“माझ्या आईला कळतं.”

रविवारी पाऊस थांबला होता. रेफ्रीने मैदानात बूट आपटून बघितला, चेंडू टाकून बघितला. चेंडू उसळला, थोडा नाराजीने का होईना. तोफ म्हणाला, “हे काय मैदान आहे? हा म्हशींचा डोह आहे!” रेफ्री म्हणाला, “दोघांनाही सारखाच आहे,” आणि घड्याळाकडे बघितलं. तोफ वळता वळता उसन्याकडे बघून किंचित वाकला. “आजही एखादा पास द्याल ना? आभारी राहीन.” वर्षानुवर्षं हेच. कुठेही भेटो, लग्नात भेटो की दवाखान्यात, हेच! उसन्या फक्त म्हणाला, “बघू या.”

पहिला अर्धा भाग लख्ख जर्सींचा होता आणि हिरवे सरस होते. खोटं कशाला बोलू? त्यांचे पाय ताजे, पास नेमके. मध्यंतराच्या जरा आधी त्यांनी गोल केला, एका तरण्या बचावपटूच्या पासवर. बाकांवरून अध्यक्षांनी उसन्याकडे जी नजर टाकली तिच्यात फरशीवर पडलेल्या डागाकडे बघण्याचा भाव होता. मुलगी आजीला चिकटून बसली होती. बायको तिच्या पलीकडे, हात मांडीवर.

मध्यंतरात खोलीत पोरं मान खाली घालून बसली. उसन्याने भाषण केलं नाही. तो म्हणाला, “आता मधून खेळा. चिखलातून. पडा, लोळा, कपड्यांची काळजी करू नका. थोड्या वेळाने तुम्हाला हे मैदान ओळखीचं वाटेल.”

आणि तसंच झालं. अर्धा तास गेला नाही तोवर बावीसच्या बावीस माणसं एकाच मातीची झाली. हिरवं नाही, लाल नाही, नुसता चिखल पळतोय. हिरव्यांची तारांबळ उडाली. पाय थबकायला लागले. मान वर करायची, समोर मातीचा पुतळा, द्यावा की न द्यावा? “मी, मी!” म्हणून सगळे एकदम ओरडायचे आणि कुणाचंच कळायचं नाही. आणि आपली पोरं? तोंड मिटून. तो डावा खांदा पडला, कॅप्टन. ती हनुवटी उचलली, उंच पोरगा. ते तापल्या फरशीवरचं पळणं, बुटका. चेंडू असा फिरायला लागला, जसा घरातल्या घरात पाण्याचा तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात जातो. बाकांवरचे लोक उभे राहिले.

शेवटची मिनिटं. हिरव्यांचा तोच तरणा बचावपटू, चेंडू पायात, दोघे अंगावर. त्याने मान वर केली. समोर मोकळ्या जागेत एक चिखलाचा माणूस उभा. त्याने पास दिला. सुंदर, जमिनीलगत, नेमका पायात. तो चिखलाचा माणूस आमचा कॅप्टन होता. गोल!

जो काही आवाज उठला! पत्र्याचं छप्पर थरथरलं. माळीकाका फावडं खांद्यावर घेऊन नाचले. बरोबरी टिकली, शिट्टी वाजली, क्लब राहिला. अध्यक्ष बाकावरून उतरून स्वतःचे पॉलिश केलेले बूट चिखलात बुडवत आले आणि उसन्याचा हात दोन्ही हातांनी हलवत राहिले. “मी म्हणतच होतो,” ते म्हणाले. माणसं अशीच असतात, सोडून द्या.

उसन्या मात्र तोफेकडे निघाला होता. ओठांवर दोन शब्द तयार होते, वर्षानुवर्षं तोंडात घोळवून गुळगुळीत झालेले. कमरेत वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचे. जवळ पोचला, आणि तिथे तोफ त्या तरण्या बचावपटूवर ओरडत होता. पोरगा चिखलात गुडघ्यावर बसलेला, चेहरा हातात. “कुणाचा रे तू? कुणाकडून खेळतोस? कुणाचा?”

तोच प्रश्न. तेच ‘कुणाचा’.

“तुझाच आहे तो,” उसन्या तोफेला म्हणाला. “मघाशी तुमचा गोल त्याच्याच पासवर झाला. विसरलास?”

उसन्या खाली वाकला, पण पोराला काखेत हात घालून उठवायला. “ऊठ. मीही दिला होता असा, याच्याच पायात. रात्री वाटलं, संपलं सगळं. सकाळी उठलो, तर भूक लागली होती. आणि खरं सांगू? पास मात्र देखणा होता.”

पोरगा रडता रडता हसला. तोफेने पोराच्या पाठीवरचा चिखल हाताने पुसायला सुरुवात केली, आणि आहे तो आणखीच पसरवला.

बाकांपाशी आई काठी टेकून उभी होती. “तुझी पोरं छान पळतात,” ती म्हणाली. “सगळी ओळखायला आली मला.”

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. उसन्याने दाराबाहेर बूट काढले, चिखलाने जड झालेले. सामन्याच्या धांदलीत आठवडाभर ते क्लबावरच राहिले होते. आता सवयीने त्याने हात आत घालून दारामागे पिशवी चाचपली. हाताला भिंत लागली. त्याने परत चाचपलं. पिशवी नाही! बूट उचलून तो आत आला.

आत शिवणाच्या मशीनवरच्या दोरीला पिशवी उलटी टांगलेली होती. रिकामी, स्वच्छ धुतलेली. त्याने हात लावून बघितला. खडखडीत कोरडी.

“ही कधी धुतलीस?”

“पाऊस लागायच्या आधी,” बायको म्हणाली. “नंतर वाळली नसती.”

“पाऊस लागायच्या आधी?” तो थांबला. “अगं, तेव्हा तर सामना व्हायचा होता. मी साहेबांना सांगून आलो होतो, हरलो तर...”

“ऐकलं होतं मी.”

“आणि हरलो असतो म्हणजे?”

“म्हणजे काय? दुसरं काम शोधलं असतंत. इथेच.” तिने त्याच्याकडे वर बघितलं. “अहो, तुम्ही जिंकाल मग राहू, असं म्हणत बसले असते, तर मी आजवर एका तरी घरात पडदे लावले असते का?”

चिखलाने भरलेले बूट हातात धरून उसन्या परत दारात येऊन उभा राहिला, कारण घरात हे बूट आजवर त्या पिशवीवाचून दुसऱ्या कुठे ठेवलेच नव्हते.

“हे कुठे ठेवू?” त्याने विचारलं.

“दाराशी,” बायको मशीनकडे वळत म्हणाली. “बाकी सगळ्यांच्या चपला असतात तिथे.”

तो वाकला. मुलीच्या सँडल जरा सरकवल्या, आईच्या चपला सारख्या केल्या, आणि मध्ये बूट ठेवले.